शेतातील निषिद्ध रोप

दिवाळीचे अनारसे ज्या खसखशीवर थापतात, तिचे दाणे अफूच्याच बोंडातून निघतात, ही गोष्ट आपल्या बहुतेक घरांतून ठाऊक असते. परंतु तिचा कायदेशीर अर्थ फार थोड्यांच्या ध्यानात असतो. दाणा निर्दोष आहे. तो वाण्याकडे मिळतो, वाटून आमटीत घालता येतो, खिरीत शिजविता येतो. त्यास कोणी हरकत घेत नाही. तोच दाणा परवान्यावाचून मातीत पेरला आणि त्याचे रोप उभे राहिले, की पेरणारा मनुष्य फौजदारी कायद्याच्या कक्षेत येतो आणि दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस व एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरतो. पीक निघाले की नाही, बोंडाला चीर पडली की नाही, माल विकला गेला की नाही, हे प्रश्न नंतरचे. गुन्हा पेरणीतच पुरा झालेला असतो.

श्रोतेहो, आपल्या देशात ज्या कायद्याने हे ठरविले आहे त्याचे मराठी नाव बरेच लांब आहे : गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमलात आला. त्याच्या आठव्या कलमाने तीन वनस्पतींची लागवड मना केली आहे : कोका, अफू आणि गांजा-भांगेचे झाड. कोका हे दक्षिण अमेरिकेतील झुडूप. आपल्या शेतकऱ्याशी त्याचा संबंध येत नाही. उरलेली दोन मात्र आपल्या मातीत सहज वाढणारी आहेत, आणि आजचे विवेचन त्या दोहोंपुरतेच आहे.

या मनाईमागे एक इतिहास आहे, आणि माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी मंडळींना तो परका नाही. माळव्याची काळी जमीन अफूसाठी प्रसिद्ध होती. मंदसौर आणि नीमच हा मुलूख शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होता, तर इंदूर ही होळकरांची राजधानी अफूच्या व्यापाराचे मोठे केंद्र होती. बंगाल-बिहारात अफूचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हाती ठेवला होता. पण संस्थानी मुलखात पेरणी बंद करणे तिला जमेना. माळव्याचा माल आडमार्गाने सिंधमधून कराचीला आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमणला जाई. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने माळव्याच्या अफूला पास देऊन, त्यावर शुल्क घेऊन, ती मुंबईमार्गे चीनकडे जाऊ देण्याचे धोरण स्वीकारले. १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली व मुंबईचे शुल्क चढत गेले. त्या काळी अफू पेरणारा कुणबी गुन्हेगार नव्हता. संस्थानाच्या आणि सरकारच्या तिजोरीत भर घालणारा तो रयत होता.

रोप तेच राहिले, पण सरकारची दृष्टी बदलत गेली. १८५७ आणि १८७८ चे अफूविषयक कायदे, नंतर १९३० चा घातक औषधिद्रव्यांचा कायदा, अशा क्रमाने निर्बंध वाढले. तरीही १९३० च्या कायद्याखाली कमाल शिक्षा तीन वर्षे, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास चार वर्षे एवढीच होती. १९६१ साली न्यूयॉर्क येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याने अफूचे पीक घेऊ देणाऱ्या प्रत्येक राष्ट्रावर काही बंधने घातली : पिकासाठी सरकारी यंत्रणा असावी, ठराविक क्षेत्रातच परवाना द्यावा, आणि निघालेली सारी अफू सरकारने ताब्यात घ्यावी. १९८५ चा आपला कायदा जुन्या कायद्यांची जागा घेऊन आला तो या पार्श्वभूमीवर, आणि त्याने शिक्षा एकदम कितीतरी पटींनी वाढविल्या.

शिक्षेचा हा आकडा नंतरही स्थिर राहिला नाही. १९८५ च्या मूळ कायद्यात अफूच्या लागवडीस किमान दहा आणि कमाल वीस वर्षांची सक्तमजुरी होती. गांजाच्या लागवडीस कमाल पाच वर्षे होती. २००१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि दोन्ही पिके एका पातळीवर आली. आज दोहोंच्या लागवडीस सामान्यतः दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे अफू पेरणाऱ्याची शिक्षा सौम्य झाली, तर गांजा लावणाऱ्याची दुप्पट झाली. ‘दोन झाडे लावली, त्यात काय मोठे’ असे आजही कोणी म्हणताना आढळतो, त्याने हा बदल लक्षात घ्यावा.

आता एक शंका स्वाभाविकपणे येते. पेरणे जर गुन्हा, तर नीमच-मंदसौरच्या रानांत माघ-फाल्गुनात दिसणारी ती पांढऱ्या फुलांची शेते कोणाची? ती परवानाधारकांची. मॉर्फिन, कोडीन यांसारखी औषधे अफूपासूनच निघतात. कर्करोगाच्या रुग्णाची वेदना मॉर्फिनने शमते. त्यासाठी केंद्र सरकार मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांतील अधिसूचित भागांत परवान्याने अफू पिकविते. या कारभाराचे प्रमुख, केंद्रीय नार्कोटिक्स आयुक्त, यांचे कार्यालय ग्वाल्हेर येथे आहे. अफूचे सरकारी कारखाने नीमच आणि गाझीपूर येथे आहेत. परवान्याला माळव्यात ‘पट्टा’ म्हणतात. पिकाचे वर्ष १ ऑक्टोबरपासून धरतात. पट्ट्याचे क्षेत्र अगदी लहान, एकराच्या काही हिश्शाएवढे असते, आणि त्याची सरकारी मोजणी होते. बोंडाला चीर देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी जो चीक खरवडून काढतात, तो रोजच्या रोज गावच्या लंबरदारापुढे तोलून त्याची नोंद करावयाची असते आणि शेवटी तो सगळा सरकारला द्यावयाचा असतो. ठरलेल्या प्रमाणात उत्पन्न आले नाही तर पुढील वर्षीचा पट्टा हातचा जातो. म्हणूनच गारपिटीने वा रोगाने पीक बिघडले की शेतकरी धावत जाऊन खात्याला कळवितो आणि अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ते नांगरून टाकतो. २०२०-२१ पासून काही पट्टे वेगळ्या पद्धतीचेही दिले जातात. त्यांत बोंडाला चीर द्यावयाची नसते, सबंध बोंडेच सरकारला द्यावयाची असतात.

येथे कायद्याची एक विलक्षण बाजू दिसून येते. ज्याला पट्टा नाही अशा माणसाने अफू पेरली तर त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पण ज्याला पट्टा आहे त्याने आपल्याच शेतातील अफूचा काही भाग, मग तो थोडासा का असेना, चोरून दुसरीकडे दिला, तर कलम १९ अन्वये किमान दहा आणि कमाल वीस वर्षांची सक्तमजुरी, आणि किमान एक लाखाचा दंड. शिवाय त्यास जामीन मिळणे अतिशय कठीण. कारण तो निर्दोष असावा असे मानण्यास सबळ कारण आहे, आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. परक्यापेक्षा विश्वासातल्या माणसाचा अपराध मोठा, हे तत्त्व येथे कायद्याने उघडपणे स्वीकारले आहे. पट्टेवाल्या शेतकऱ्याच्या दाराशी जेव्हा कोणी सरकारी भावाच्या कितीतरी पट पैसा घेऊन येतो, तेव्हा तो भाव वीस वर्षांच्या आयुष्याचा असतो, हे त्याने विसरू नये.

गांजाच्या बाबतीत लोकांचा गोंधळ निराळ्या प्रकारचा असतो. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. शेंड्यांवाचूनची नुसती पाने व बी हे त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच भांगेच्या पानांवर निरनिराळ्या राज्यांच्या अबकारी वा दारूबंदीच्या कायद्यांचे नियंत्रण असते. महाराष्ट्रात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा तिला लागू आहे. यावरून काही जण असा तर्क करतात, की पाने जर गांजा नव्हेत तर पानांसाठी झाड लावण्यास हरकत नसावी. हा तर्क चुकीचा आहे. लागवडीची मनाई गांजाला उद्देशून नाही, झाडाला उद्देशून आहे; आणि त्या जातीचे कोणतेही झाड या मनाईत येते. त्यातून नर किंवा मादी, पानांसाठी किंवा शेंड्यांसाठी, असा भेद कायदा करीत नाही. किती रोपांपर्यंत क्षम्य, असा आकडाही त्यात नाही. धागा वा बी यांसारख्या औद्योगिक उपयोगासाठी सरकार परवानगी देऊ शकते, आणि उत्तराखंडासारख्या राज्याने तशी वाट काढली आहे. पण ती परवानगी हातात असल्याशिवाय तो बचाव चालत नाही.

फुलांच्या हौशी मंडळींसाठी एक खुलासा येथेच करतो. बागेत हिवाळ्यात जी तांबडी, गुलाबी, पातळ पाकळ्यांची ‘पॉपी’ लावतात, ती सर्वच निषिद्ध नाही. कायद्याचा रोख अफू देणाऱ्या जातीवर आहे. तिची पाने निळसर हिरवी, गुळगुळीत आणि देठावाचून खोडाला बिलगलेली असतात. शोभेच्या सामान्य पॉपीची पाने व देठ लवदार असतात. खात्रीच्या रोपवाटिकेतून बियाणे घ्यावे, आणि स्वयंपाकघरातील खसखस कुंडीत टाकून पाहण्याची गंमत करू नये, हे उत्तम.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. रोप शेतात सापडले, एवढ्याने शेताचा मालक गुन्हेगार ठरतो काय? पेरणे, उगवणे आणि ठाऊक असून गप्प बसणे, या तीन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट पेरण्याची. लागवड म्हणजे माणसाने बुद्धिपुरस्सर केलेली कृती : बी टाकणे, रोप लावणे, पाणी देणे, जोपासणे. ती करणारा गुन्हेगार. या कायद्यात आरोपीच्या मनातील हेतू वा जाणीव गृहीत धरण्याची तरतूद आहे; ती जाणीव नव्हती हे आरोपीनेच, आणि तेही निःसंशयपणे, सिद्ध करावयाचे असते. सामान्य फौजदारी खटल्यात सिद्धतेचे सारे ओझे सरकारपक्षावर असते. येथे त्यातील काही ओझे आरोपीच्या खांद्यावर येते. तथापि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले, की मूळ घटना सरकारपक्षाने प्रथम सिद्ध केल्याशिवाय असे गृहीतक लागू होत नाही.

दुसरी गोष्ट उगवण्याची. भांगेचे बी पाखरांच्या विष्ठेतून, पुराच्या गाळातून, उकिरड्याच्या खतातून कोठेही पडते आणि उगवते. सर्वोच्च न्यायालयापुढे याच शतकाच्या आरंभी असे एक प्रकरण आले होते, की ज्यात शेतात गांजाची झाडे सापडली व शेत एकट्या आरोपीचे नसून कुटुंबीयांच्या सामाईकीचे होते. न्यायालयाने शिक्षा रद्द केली. जमिनीत बी पडून रोप आपोआप उगवू शकते. तेव्हा आरोपीच्या मालमत्तेत काही झाडे आढळणे पुरेसे नाही, त्यानेच ती लावली वा जोपासली हे सिद्ध झाले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. सातबाऱ्यावर किंवा खसऱ्यात नाव असणे आणि लागवड करणे, या दोहोंत अंतर आहे. बांधाच्या कडेला एखाददुसरे झाड असणे आणि तुरीच्या वा कपाशीच्या दोन ओळींच्या आड ठराविक अंतरावर, पाण्याचा पाट दिलेली झाडांची रांग असणे, यांतील फरक न्यायालयाला कळतो. कारण पाट आपोआप उगवत नाही.

झाडांच्या वजनाबाबतही असाच विवेक न्यायालये करतात. व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे शेंडे. मग मुळे, खोड, पाने यांसह ओली झाडे तोलून जो मोठा आकडा पंचनाम्यात येतो, तो खरा गांजाचा आकडा कसा मानावा? वीस किलोंहून अधिक गांजा हे व्यापारी प्रमाण ठरते आणि त्यास दहा ते वीस वर्षांची शिक्षा आहे. जामिनाचे कडक बंधनही त्यावर आहे. त्यामुळे हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाच्या काही प्रकरणांत हा मुद्दा आरोपीच्या बाजूने विचारात घेतलेला आहे.

तिसरी गोष्ट गप्प बसण्याची, आणि सामान्य, सरळमार्गी माणसाने भ्यावे ते तिलाच. कलम ४६ सांगते, की आपल्या जमिनीत अफू वा गांजाची बेकायदेशीर लागवड झाली असेल तर प्रत्येक जमीनधारकाने पोलिसांना किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याला तत्काळ कळविले पाहिजे. जाणूनबुजून न कळविणारा शिक्षेस पात्र आहे. कलम ४७ अन्वये हेच कर्तव्य सरकारी नोकर, पंच, सरपंच आणि गावकामगार यांच्यावरही आहे. कलम २५ त्याहून पुढे जाते : आपल्या घरात, खोलीत वा आवारात दुसऱ्याने असा गुन्हा करण्यास जाणूनबुजून परवानगी देणाऱ्यास त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे. इंदुरात वा बडोद्यात नोकरीनिमित्त राहणारे आणि गावची जमीन बटाईने किंवा खंडाने दिलेले आपले कितीतरी बांधव आहेत. गोव्यात, हैदराबादेत घरे भाड्याने देणारे आहेत. ‘मी तेथे राहत नाही’ हे उत्तर खरे असेल तर उपयोगी पडते. पण ‘मला दिसले होते, पण मी भानगडीत पडलो नाही’ हे उत्तर स्वतःच एक कबुली आहे.

अज्ञानाच्या सबबीचे काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २०१२ साली बीड जिल्ह्यात अफूची बेकायदेशीर शेते उघडकीस आली. आपण खसखशीचे पीक घेत आहोत एवढेच आपल्याला ठाऊक होते, असे काही शेतकऱ्यांचे म्हणणे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले. पाण्यावाचून कोरड्या पडणाऱ्या मुलखात कोणी थोड्या पाण्यावर भरपूर पैसा देणाऱ्या पिकाचे बोलणे काढले, तर मोह कसा होतो हे समजण्याजोगे आहे. पण कायद्याचे अज्ञान हा बचाव नव्हे, हे जुने तत्त्व येथेही लागू होते. पहिलाच गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून देण्याची जी सवलत १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने इतरत्र मिळते, तीही अशा लागवडीच्या गुन्ह्यात अठरा वर्षांवरील आरोपीस मिळत नाही.

यातून एक कडवट विसंगती निर्माण होते. कायद्याच्या मते सर्वांत मोठा अपराधी शेतकरी नव्हे. अशा लागवडीस पैसा पुरविणाऱ्यास कलम २७-अ अन्वये दहा ते वीस वर्षांची शिक्षा आहे. चिथावणी देणाऱ्यास व कटात सामील होणाऱ्यास मूळ गुन्ह्याइतकीच आहे. परंतु शेत जागचे हलत नाही. त्याला गट-क्रमांक आहे, खातेदार आहे, बांधावर राहणारा मजूर आहे. बियाणे आणि उचल देऊन गेलेल्या माणसाचे मात्र नाव ठाऊक नसते, पावती नसते, आणि धाड पडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा पत्ताही नसतो. धागा शेतापाशीच तुटतो. तो पुढे जोडता यावा म्हणून, जो साऱ्या गोष्टींची संपूर्ण आणि खरी माहिती देईल त्याला खटल्यातून अभय देण्याचा अधिकार कलम ६४ ने सरकारला दिलेला आहे. पण हे अभय हक्काने मिळत नाही. ते देणे सरकारच्या विचाराधीन असते.

मग शेतकऱ्याने करावे काय? अनोळखी माणूस बियाणे, उचल आणि खरेदीची हमी तिन्ही एकदम देऊ लागला, आणि पिकाचे नाव मात्र आडून सांगू लागला, तर त्याला बांधावरूनच परत पाठवावे. बटाईचा वा भाड्याचा करार लेखी करावा, कोणते पीक घ्यावयाचे ते त्यात लिहावे, आणि हंगामात निदान दोनदा शेत पाहून यावे. संशयास्पद झाडे दिसली तर ती गुपचूप उपटून जाळू नयेत. तसे केल्याने पुरावा नाहीसा होतो आणि संशय मात्र राहतो. पोलीस पाटील, तलाठी वा पटवारी यांना सांगून पोलीस ठाण्यात लेखी खबर द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी. अशा पिकाची जप्ती आणि नाश यांचा आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास व राजपत्रित अधिकाऱ्यास आहे. ते काम त्यांचे आहे, आपले नव्हे. आणि दुर्दैवाने आरोप आलाच, तर पहिल्या दिवसापासून वकिलाचा सल्ला घ्यावा. ऐपत नसल्यास तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे मोफत साहाय्य मागता येते. या कायद्याखाली अधिकार मिळालेल्या अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले आहे, हेही ठाऊक असलेले बरे.

माळव्याच्या ज्या मातीने एके काळी चीनच्या व्यसनाला माल पुरविला, त्याच मातीतील अफू आज पट्ट्याच्या शिस्तीत रुग्णाच्या वेदनेवर औषध होऊन जाते. रोपाच्या अंगी दोष नाही. दोष आहे तो ते चोरून लावण्यात, दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्याच्या नफ्यासाठी लावण्यात, आणि दिसत असूनही न पाहिल्यासारखे करण्यात. शेत आपले आहे, तोवर त्यात काय उगवते आहे हे पाहण्याची जबाबदारीही आपलीच आहे.